एम्बेडेड सॉफ्टवेअरसाठी भाषा कशी निवडावी: शेतपंपाच्या नियंत्रकाच्या उदाहरणासह

एम्बेडेड सॉफ्टवेअरचा (उपकरणाच्या आतल्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा) नवा प्रकल्प हाती घेतला की "भाषा कोणती घ्यायची?" हा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघतो आणि प्रत्येक जण आपल्या सवयीच्या भाषेची बाजू मांडू लागतो. त्या वेळी चिप ठरलेली नसते, उपकरण किती वर्षे चालायला हवे हे कुणी विचारलेले नसते आणि सॉफ्टवेअर चुकले तर नुकसान कोणाचे होईल याचाही विचार झालेला नसतो. भाषेची निवड उपकरणाच्या अटींमधून निघाली पाहिजे, असा या लेखाचा आग्रह आहे. अटी कागदावर उतरवल्या की बहुतेक वेळा दोन किंवा तीनच पर्याय उरतात आणि त्यांच्यातला निर्णय एका छोट्या चाचणीने घेता येतो.

त्यासाठी एक प्रत्यक्ष उपकरण समोर ठेवू या: थ्री-फेज शेतपंपाचा मोबाइलवरून चालणारा नियंत्रक. शेतीची वीज चक्राकार पद्धतीने आणि अनेकदा रात्री येत असल्यामुळे महाराष्ट्रात विहिरींवर आणि बोअरवर असे मोबाइल स्टार्टर सर्रास दिसतात. त्याला तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि मोटरचा प्रवाह सतत मोजायचा असतो. एक फेज गेल्यावर उरलेल्या फेजमधून जादा प्रवाह खेचून मोटर जळण्याआधी ती बंद करायची असते. पाणी संपून पंप कोरडा चालू लागला तर तेही ओळखायचे असते. शिवाय मालकाचा एसएमएस वाचून मोटर चालू-बंद करणे आणि उत्तर पाठवणे हे काम आहेच. या एका डब्यात एम्बेडेड जगातले जवळजवळ सगळे प्रश्न एकत्र येतात.

आधी अटी, मग भाषा

पहिली अट मेमरीची. आर्डुइनो उनोवर असलेल्या एटीमेगा ३२८पी या ८ बिटी चिपमध्ये प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट फ्लॅश आणि चालू कामासाठी केवळ २ किलोबाइट रॅम असते. एसटीएम३२ एफ१०३सी८ या ३२ बिटी चिपमध्ये ६४ किलोबाइट फ्लॅश आणि २० किलोबाइट रॅम मिळते. आरपी२०४० मध्ये २६४ किलोबाइट रॅम आहे आणि फ्लॅश बाहेरून जोडावी लागते, तर मूळ ईएसपी३२ मध्ये ५२० किलोबाइट रॅम आहे. या आकड्यांसमोर भाषा ठेवून पाहिल्या की चित्र लगेच स्पष्ट होते. मायक्रोपायथनला साधारण २५६ किलोबाइट फ्लॅश आणि १६ किलोबाइट रॅम लागते, असे तो प्रकल्प स्वतःच सांगतो. म्हणजे वरच्या पहिल्या चिपवर तो बसणारच नाही आणि दुसरीवरही फ्लॅश अपुरी पडेल. सी, सी प्लस प्लस, रस्ट आणि एडा या भाषांचे रूपांतर थेट यंत्रभाषेत होते आणि त्यांना सोबत दुभाषा प्रोग्रॅम न्यावा लागत नाही, त्यामुळे त्या लहान चिपवरही उतरतात.

दुसरी अट वेळेची, आणि इथे थोडे गणित करणे फार उपयोगाचे ठरते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, म्हणजे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. एका आवर्तनात ३२ नमुने घ्यायचे ठरवले तर दोन नमुन्यांमध्ये ६२५ मायक्रोसेकंदांचे अंतर राहते आणि त्या अवधीत तीन व्होल्टेज आणि तीन प्रवाह असे सहा संकेत वाचून व्हावे लागतात. एटीमेगा ३२८पीचा एडीसी (संकेताचे आकड्यांत रूपांतर करणारा भाग) १२५ किलोहर्ट्‌झच्या घड्याळावर एका वाचनाला सुमारे १०४ मायक्रोसेकंद घेतो. सहा वाचनांचे ६२४ मायक्रोसेकंद होतात. म्हणजे एडीसीकडे अक्षरशः उसंत उरत नाही, आणि ही अडचण कोणत्याही भाषेने सुटणारी नाही. इथे एकतर नमुने कमी करावे लागतील किंवा चिप बदलावी लागेल. भाषेवर वाद घालण्याआधी हा हिशेब करायला हवा, कारण त्याने चिप ठरते आणि चिप ठरली की भाषांची यादी आखूड होते.

वेळेच्या अटीत आणखी एक भेद करावा. मोटर बंद करण्याचा निर्णय काही सेकंदांत झाला तरी चालतो, पण नमुना मात्र ठरल्या क्षणीच घेतला गेला पाहिजे. वापरून झालेली (कचरा) मेमरी आपोआप गोळा करणाऱ्या भाषांमध्ये, उदाहरणार्थ मायक्रोपायथनमध्ये, ही सफाई मध्येच सुरू होऊन एक किंवा अनेक मिलिसेकंद घेऊ शकते. तेवढ्यात आपले कितीतरी नमुने निसटून जातील. चिपमध्ये डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता आकडे मेमरीत नेणारा भाग) असेल आणि टायमरच्या तालावर एडीसीचे आकडे परस्पर रॅममध्ये भरले जात असतील, तर ही अडचण बरीच सौम्य होते. त्यामुळे "अमुक भाषा संथ आहे" एवढ्यावर न थांबता, वेळेचे बंधन असलेला भाग हार्डवेअर सांभाळते की आपला प्रोग्रॅम, हे आधी पाहावे.

तिसरी अट चुकीच्या किमतीची. शेतकऱ्याची मोटर जळणे हे छोटे नुकसान नव्हे; ऐन हंगामात ती वाइंडिंगसाठी दुकानात पडून राहिली तर पीक वाळते. चौथी अट आयुष्याची: असा नियंत्रक दहा वर्षे खांबावर टिकणार असेल, तर त्याचा कोड दहा वर्षांनी उघडून दुरुस्त करणारी माणसे आणि साधने तेव्हा उपलब्ध असली पाहिजेत.

सी: पहिला पर्याय का, आणि त्याची किंमत कोणती

बेल लॅब्जमध्ये १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची यांनी घडवलेली सी ही भाषा आजही या क्षेत्राचा पाया आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्या आपल्या लायब्ररी प्रथम सी मध्ये देतात. फ्रीआरटीओएस आणि झेफिर या प्रचलित रिअल-टाइम (ठरल्या वेळेत काम उरकणाऱ्या) प्रणाली सी मध्ये लिहिलेल्या आहेत. डेटाशीटसोबतची उदाहरणे सी मध्ये असतात. एखाद्या जुन्या ८०५१ साठीही, ज्याच्या मूळ १९८० च्या रचनेत रॅम केवळ १२८ बाइट होती, सी चा कंपायलर मिळतो. एवढ्या सर्वदूर पाठबळामुळे वेगळे कारण नसेल तर सी पासून सुरुवात करावी, असे मी निःशंकपणे सांगेन.

तरीही सी निवडताना तिची किंमत डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. प्रवाहाचे आरएमएस (बदलत्या प्रवाहाचे परिणामी) मूल्य काढायला प्रत्येक नमुन्याचा वर्ग करून बेरीज घ्यावी लागते. एव्हीआर चिपवर (एटीमेगा ३२८पी याच घराण्यातली) सी चा "इंट" हा प्रकार १६ बिटी असतो आणि त्याची कमाल ३२,७६७ असते. नमुन्याचे मूल्य १८१ असेपर्यंत त्याचा वर्ग ३२,७६१ भरतो आणि सारे ठीक चालते. १८२ चा वर्ग ३३,१२४ होतो आणि तिथून उत्तर बिघडते. बेरीज ठेवायचे चल ३२ बिटी केले तरी उपयोग होत नाही, कारण गुणाकार आधी १६ बिटांत होतो आणि बिघडलेले उत्तर मग मोठ्या चलात ठेवले जाते. याचा अर्थ कमी प्रवाहावर नियंत्रक अचूक दिसतो आणि प्रवाह वाढल्यावर, म्हणजे संरक्षणाची गरज असते नेमक्या तेव्हा, चुकतो. हाच कोड ३२ बिटी एसटीएम३२ वर निर्वेध चालतो, कारण तिथे "इंट" ३२ बिटी असतो; त्यामुळे टेबलावरच्या चाचणीत दोष दिसला नाही आणि स्वस्त चिपवर नेल्यावर उपटला, असे सहज घडू शकते. उपाय ठाऊक असलेले आहेत: सी ९९ या मानकापासून उपलब्ध असलेले निश्चित रुंदीचे प्रकार वापरावेत, गुणाकाराच्या आधी रूपांतर करावे आणि कंपायलरच्या सगळ्या सूचना चालू ठेवून एकही सूचना दुर्लक्षू नये. पण भाषा हे आपल्याकडून सक्तीने करवून घेत नाही. ती शिस्त संघाला स्वतः पाळावी लागते.

दुसरा धोका मजकुराच्या हाताळणीत आहे. इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा असतो हे सर्वांना ठाऊक असते आणि म्हणून प्रोग्रॅमर १६० अक्षरांची जागा राखून मोकळा होतो. देवनागरीतल्या एसएमएसला एका संदेशात ७० अक्षरे मिळतात, आणि ती यूसीएस-२ संकेतात असल्याने मोडेमला तशी सूचना दिलेली असेल तर तो प्रत्येक अक्षर चार हेक्स अंकांत पाठवतो. सत्तर गुणिले चार म्हणजे २८० अंक. एखाद्या शेतकऱ्याने "मोटर चालू कर" असे मराठीत लिहून पुढे आणखी शब्द जोडले आणि एकूण अक्षरे चाळीसच्या पुढे गेली, की राखलेल्या जागेच्या पलीकडची मेमरी पुसली जाते. सी मध्ये ती चूक मुकाट्याने घडते. शेजारच्या चलात रिलेची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) स्थिती साठवलेली असेल तर ती बदललेली असेल. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले होते की त्यांच्या उत्पादनांत दरवर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या अशाच गैरहाताळणीचे असतात. बाहेरून येणारा मजकूर वाचणारे प्रत्येक उपकरण, मग ते विहिरीवरचे का असेना, या धोक्याच्या कक्षेत येते.

म्हणून सी घ्यायची तर तिच्यासोबत मिस्रा सी ही नियमावली घ्यावी. ब्रिटनच्या मोटार उद्योगातून तिची पहिली आवृत्ती १९९८ मध्ये आली आणि २०१२ च्या आवृत्तीनंतरही तिच्यात सुधारणा होत राहिल्या. प्रोग्रॅम चालू असताना हीपमधून (गरजेनुसार वाटल्या जाणाऱ्या मेमरीच्या साठ्यातून) मेमरी मागू नये, हा तिचा एक परिचित दंडक आहे आणि आपल्या नियंत्रकासाठी तो जसाच्या तसा पाळावा: सगळ्या जागा सुरुवातीलाच ठरवून ठेवल्या की दोन महिन्यांनी मेमरीचे तुकडे पडून उपकरण अडकण्याचा प्रश्नच उरत नाही. पुण्याच्या मोटार उद्योगासाठी फर्मवेअर (चिपमध्ये भरला जाणारा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्यांना ही नियमावली परिचयाची असते. शेतीच्या उपकरणांत ती अभावाने दिसते, आणि ते बदलायला हवे असे मला मनापासून वाटते.

सी प्लस प्लस

आर्डुइनोची भाषा वेगळी आहे असा समज विद्यार्थ्यांमध्ये आढळतो. प्रत्यक्षात ती सी प्लस प्लसच असते. मोठ्या प्रकल्पात या भाषेचा खरा फायदा होतो. ऑब्जेक्ट नष्ट होताना साधन आपोआप परत करणे, टेम्प्लेट आणि कंपायल होतानाच काढलेली स्थिर मूल्ये यांमुळे कोड सुरक्षित आणि नेटका होतो, आणि नीट वापरल्यास चिपवर जादा भारही पडत नाही. मात्र एक्सेप्शन (चूक वरच्या कोडला कळवण्याची यंत्रणा) आणि आरटीटीआय (प्रोग्रॅम चालताना ऑब्जेक्टचा प्रकार ओळखण्याची सोय) बंद ठेवण्याची या क्षेत्रात प्रथा आहे आणि ती योग्य आहे. आर्डुइनोचा स्ट्रिंग हा वर्ग मात्र २ किलोबाइट रॅमवर टाळावा, कारण तो प्रत्येक जोडणीला हीपमधून नवी जागा मागतो. भाषेचा कोणता भाग वापरायचा आणि कोणता नाही, हे संघाने पहिल्या दिवशी लिहून ठेवले नाही तर दोन वर्षांत एकाच कोडमध्ये तीन बोली नांदू लागतात.

रस्ट

रस्टची पहिली स्थिर आवृत्ती मे २०१५ मध्ये आली. मेमरीचा मालक कोण आणि उसनवार कोणाला, याची तपासणी ही भाषा कंपायल होतानाच करते आणि त्यासाठी कचरा-सफाईची गरज ठेवत नाही. म्हणूनच मायक्रोकंट्रोलरसाठी ती गांभीर्याने विचारात घ्यावी लागते. आपल्या एसएमएसच्या उदाहरणात सुरक्षित रस्टमध्ये लिहिलेला कोड राखीव जागेच्या बाहेर लिहू लागला, तर तो शेजारचे चल बिघडवण्याऐवजी थांबतो. इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून चालणारा कोड) आणि मुख्य प्रोग्रॅम यांच्यात असुरक्षितपणे वाटून घेतलेले चलही कंपायलर नाकारतो. सी मध्ये हाच दोष शोधायला दिवसेंदिवस लागू शकतात.

पण "थांबतो" या शब्दाचा विचार पूर्ण केला पाहिजे. ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या चिपवर पॅनिक झाल्यावर, म्हणजे रस्टचा प्रोग्रॅम असा थांबल्यावर, काय करायचे, याचा हँडलर (ते हाताळणारा कोड) आपल्याला लिहावा किंवा निवडावा लागतो. पंपाच्या बाबतीत तो हँडलर प्रथम रिले उघडणारा आणि मग चिप रीसेट करणारा हवा. नुसता अनंत फेरीत अडकणारा हँडलर मोटर चालूच ठेवेल. तसेच अंकांचा अतिरेक (संख्या चलात न मावणे) डीबग, म्हणजे चाचणीच्या, आवृत्तीत पकडला जातो, परंतु रिलीज, म्हणजे विक्रीच्या, आवृत्तीत ती तपासणी मुळात बंद असते आणि मुद्दाम चालू करावी लागते. १८२ चा वर्ग १६ बिटी चलात ठेवणारा कोड तिथेही चुकू शकतो, फक्त प्रकारांचे आपोआप रूपांतर होत नसल्याने चूक नजरेस पडण्याची शक्यता बरीच वाढते.

चिपचे पाठबळ पाहून निर्णय घ्यावा. एआरएम कॉर्टेक्स-एम आणि रिस्क-व्ही या प्रोसेसर रचनांसाठी रस्टची स्थिती चांगली आहे. वेगवेगळ्या चिपसाठी समान ड्रायव्हर लिहिता यावेत म्हणून असलेल्या एम्बेडेड-हॅलची १.० आवृत्ती जानेवारी २०२४ मध्ये आली, आणि ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी स्वतः रस्टला पाठबळ देते. एव्हीआरसाठी मात्र अजून प्रायोगिक कंपायलरवर विसंबावे लागते. त्या चिपवर विक्रीचे उत्पादन असेल तर मी रस्ट सुचवणार नाही. सगळे एकदम बदलण्याचीही गरज नसते. रस्टचा कोड सी च्या प्रोग्रॅमला जोडता येतो, त्यामुळे एसएमएस वाचून आज्ञा ओळखणारा, म्हणजे बाहेरच्या मजकुराला सामोरा जाणारा भाग तेवढा रस्टमध्ये लिहिणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

उरलेले पर्याय

मायक्रोपायथन नमुना-उपकरणासाठी उत्तम आहे. आज्ञांचे शब्द कोणते ठेवावेत, उत्तरात काय लिहावे, हे शेतकऱ्यांना दाखवून दिवसभरात पाच वेळा बदलायचे असेल तर त्याच्याइतका वेग दुसरीकडे मिळत नाही. मोजमाप आणि संरक्षण मात्र त्यावर सोपवू नये. असेंब्ली आता स्टार्टअप कोड, टास्क बदलण्याचा गाभा आणि सिग्नल प्रक्रियेतल्या अगदी आतल्या फेऱ्या एवढ्यापुरतीच उरली आहे. ती लिहिता आली नाही तरी चालेल, पण डीबगरमध्ये वाचता आली पाहिजे. लिनक्स चालवणाऱ्या बोर्डांवर प्रश्नच वेगळा होतो: तिथे पायथन, गो, रस्ट यांपैकी संघाला जे येते ते बहुधा पुरते.

एडाबद्दल थोडे थांबून बोलायला हवे, कारण विमाने, रेल्वे आणि अंतराळ या क्षेत्रांत तिचा दबदबा आहे आणि तिची स्पार्क ही उपभाषा कोडच्या अचूकतेची गणिती सिद्धता मांडू देते. तरीही ४ जून १९९६ रोजी पहिले एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत नष्ट झाले, आणि त्यातला दोषी प्रोग्रॅम एडामध्येच लिहिलेला होता. एरियान ४ साठीचा कोड तसाच उचलला गेला होता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त असल्यामुळे ६४ बिटी दशांश संख्या १६ बिटी पूर्णांकात मावली नाही, आणि त्या विशिष्ट रूपांतराला संरक्षण दिलेले नव्हते. भाषेने चूक ओळखली होती. ओळखल्यावर पुढे काय करायचे, याचे उत्तर मात्र प्रणालीच्या रचनेत चुकले होते. एका चिपवरचा कोड दुसऱ्या चिपवर नेणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण मुळातून समजून घ्यावे.

उत्पादनाला प्रमाणपत्र लागणार असेल तर ती अट बाकी सगळ्यांच्या वर जाते. वाहनांसाठी आयएसओ २६२६२, वैद्यकीय उपकरणांसाठी आयईसी ६२३०४ आणि विमानांसाठी डीओ-१७८सी ही मानके आहेत. वाहने आणि विमानांच्या बाबतीत तर कंपायलरवर किती विसंबता येते याचाही पुरावा मागितला जातो. सी आणि एडासाठी असे कंपायलर पूर्वीपासून मिळतात. रस्टसाठी फेरोसीन हा कंपायलर २०२३ मध्ये आयएसओ २६२६२ नुसार पात्र ठरला.

आठवडाभराची चाचणी

दोन पर्याय उरले की वाद थांबवून उपकरणातला सर्वांत अवघड तुकडा दोन्ही भाषांत लिहून पाहावा. दिवा लुकलुकवण्याचा प्रोग्रॅम सगळ्याच भाषांत सोपा असतो, त्यातून काही कळत नाही. आपल्या उदाहरणात सहा संकेतांचे नमुने घेऊन आरएमएस काढणे आणि त्याच वेळी मोडेमकडून येणारा २८० अंकांचा संदेश वाचणे, हा तो तुकडा. फ्लॅश आणि रॅम किती लागली ते नोंदवावे. इंटरप्टच्या सुरुवातीला एक पिन वर आणि शेवटी खाली करून लॉजिक ॲनालायझरवर (पिनांचे संकेत वेळेनुसार दाखवणाऱ्या उपकरणावर) त्याची कमाल लांबी पाहावी. सरासरी पाहून समाधान मानू नये. स्टॅकची (फंक्शनच्या तात्पुरत्या चलांसाठीच्या मेमरीची) जागा आधी ठरावीक आकड्याने भरून ठेवावी आणि काही तासांनी त्यातला किती भाग पुसला गेला ते मोजावे. मग मुद्दाम एक चूक पेरून, ती ज्याने लिहिलेली नाही अशा सहकाऱ्याला डीबगरने शोधायला सांगावे. कोणत्या भाषेत ती लवकर सापडते, यावरून पुढच्या अनेक वर्षांच्या देखभालीचा बराच अंदाज येतो.

माझे मत विचाराल तर, तिघांचा संघ, सगळ्यांना सी अवगत आणि पुढच्या हंगामाआधी उत्पादन बाजारात आणायचे, अशा स्थितीत ३२ बिटी चिप, सी, मिस्रा आणि स्थिर विश्लेषणाचे (कोड न चालवताच दोष शोधणारे) साधन हा मार्ग घ्यावा. उपकरण इंटरनेटला जोडले जाणार असेल, फर्मवेअर दुरून बदलणार असेल आणि संघातल्या किमान दोघांना रस्ट शिकायला वेळ देता येत असेल, तर रस्ट घ्यावी. दोघांना अशासाठी की एकाच माणसाला येणारी भाषा तो नोकरी सोडून गेला की उत्पादनातून जवळजवळ नाहीशी होते.

निवड झाल्यावर कंपायलरची नेमकी आवृत्ती, त्याला दिलेले सगळे पर्याय आणि चिप कंपनीच्या लायब्ररीची आवृत्ती कोडसोबत रिपॉझिटरीत नोंदवावी आणि शक्य असेल तर ही सगळी साधने एका कंटेनरमध्ये (साधने एकत्र बांधून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअर-पेटीत) गोठवून ठेवावीत. नव्या संगणकावर, इंटरनेट बंद ठेवून, त्या कंटेनरमधून फर्मवेअर बांधावे आणि ते विक्रीला गेलेल्या फाइलशी बाइट-बाइट जुळते का ते तपासावे. जुळत नसेल तर फरक कुठून येतो ते शोधून काढावे. पुष्कळदा कोडमध्ये आपोआप भरली जाणारी तारीख आणि वेळ हे कारण असते. ही तपासणी पहिल्या विक्रीच्या आधी करावी आणि कंपायलर बदलला की पुन्हा करावी.